तिरका दात

बातमी ऐकली तेव्हा कवळीमास्तरांच्या हातात मेणाची सुरी होती. खालच्या औषधाच्या दुकानातला रेडिओ सकाळभर चालू असायचा. मास्तरांना तो ऐकू यायचा आणि यायचाही नाही, घरातल्या घड्याळासारखा. पण बातम्या सांगणाऱ्या बाईचा आवाज एकाएकी खाली आला, आजाऱ्याच्या खोलीत शिरताना माणसं उतरवतात तसा, आणि नाव यायच्या आधीच मास्तरांना कळलं. सुरी ज्योतीवर राहून गेली. गुलाबी मेण आधी पाघळलं, मग चरचरलं, मग त्याचा काळा धूर निघाला. मेण तापवावं, जाळू नये, हे तीस वर्षं ते येईल त्याला सांगत आले होते. त्यांनी ज्योत विझवली, सुरी फडक्याला पुसली आणि नकळत स्वतःच्या पुढच्या दातांवरून जीभ फिरवली. सरळ दात. त्यांत काही बघण्यासारखं नव्हतं.

गेलेल्या नटाला सगळे ‘तिरक्या’ म्हणत. पडद्यावरच्या माणसाला कोणी अहो-जाहो करत नाही, आणि याला तर लहान पोरंसुद्धा अरे-तुरेच करत आली होती. त्याचा वरचा डावा दात शेजारच्या दातावर जरासा चढलेला होता, गर्दीत उभ्या माणसाने पुढच्याच्या खांद्यावरून डोकावावं तसा. तो हसला की आधी तो दात हसायचा आणि बाकीचं तोंड मागून यायचं. उद्या सगळीकडे छापून येईल की तेच हसू त्याने अखेरपर्यंत जपलं. ते जपलं कुणी, हे तीन माणसांना ठाऊक होतं. त्यांतला दातांचा डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारला, दुसरा आज सकाळी गेला, आणि उरलेला औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत विझलेल्या ज्योतीकडे बघत बसला होता. तिरक्याचे गेल्या नऊ वर्षांचे दात मास्तरांनी केले होते. दुसऱ्याच्या तोंडातलं गुपित आपल्या तोंडातून बाहेर पडू द्यायचं नाही, हा त्यांचा धर्म. बायकोलासुद्धा त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पण आत्ता त्यांना जे बोचत होतं ते हे गुपित नव्हतं. या माणसाशी आपण खोटं बोललो होतो, आणि आता ते दुरुस्त करता येणार नव्हतं.

पावणेदहाला फोन वाजला. पलीकडे एक बाई होती. आवाज कोरडा, रात्रभर जागलेला.

“कवळीचं काम करणारे मास्तर का? मी... बातमी ऐकली असेल तुम्ही. मी त्यांची मुलगी.”

“ऐकली,” मास्तर म्हणाले.

“बाबांच्या औषधांच्या वहीत तुमचा नंबर होता. पुढे नुसतं ‘दात’ लिहिलेलं. मास्तर, त्यांची कवळी नाहीये. चार महिन्यांपूर्वी त्यांनी ती कागदी रुमालात गुंडाळून कुठेतरी ठेवली, आणि ती कचऱ्यात गेली. त्यांना काही आठवतच नव्हतं हो अलीकडे. नवीन करून घ्यायला तोंडाला हात लावू देईनात. आम्हीही म्हटलं, जाऊ दे, पातळ खातात तेवढं बस.” ती थांबली. “आता गाल आत गेलेत. ओठ आत गेलेत. मी बघते तर मला वाटतं, हे कोण? चार वाजल्यापासून लोक यायचे आहेत. मला हे विचारायची लाज वाटते...”

“लाज कसली त्यात,” मास्तर म्हणाले. “किती वाजता गेले?”

“सातला.”

“तोंड बांधलंय का?”

“नाही अजून. नर्स म्हणते बांधू या, नंतर जबडा आखडतो.”

“बांधू नका. कानांच्या पुढे, जबड्याचा सांधा असतो ना, तिथे कोमट फडक्याने शेकत राहायला सांगा. हलक्या हाताने चोळत राहायचं, थांबायचं नाही. मी एकच्या आत येतो.”

“होईल तेवढ्यात?”

“जेवायचे दात नाही होणार,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. पण पलीकडून बाई चक्क हसल्यासारखी वाटली.

मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत कपाट होतं आणि त्यात अर्ध्या शहराचे जबडे प्लास्टरमध्ये ओळीने मांडलेले होते. पाच वर्षांनी जुने साचे फोडून टाकायचे अशी पद्धत. मास्तरही टाकत. एकच जोडी त्यांनी सर्वांत वरच्या फळीवर, बुटाच्या खोक्यात, भुश्यात ठेवली होती आणि खोक्यावर काही लिहिलं नव्हतं. स्टुलावर चढून ते खोकं खाली घेताना त्यांचे गुडघे वाजले. साच्याशेजारी रबरी ठसाही होता, दातांची ती रचना जशीच्या तशी पकडून ठेवणारा. त्यांनी फुंकर मारून भुसा उडवला. वरचा जबडा तळहातावर घेतला. टाळूवरच्या बारीक वळ्या, डावीकडचा तो उंचवटा. लाखो लोकांना त्याचा चेहरा पाठ होता. त्याची टाळू पाठ असलेला माणूस एकच. मास्तरांनी दातांच्या पेटीतून रंग निवडला. पांढरा नाही, चहा पिणाऱ्या म्हाताऱ्याचा असतो तसा पिवळसर. मग ते एकेक दात ठशात बसवत गेले. हात काम करू लागले की मास्तरांचं डोकं मोकळं सुटायचं, आणि आज ते सुटलं ते थेट वडिलांपाशी जाऊन थांबलं.

वडील एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवत. दिवसभर माणसांना वर नेऊन सोडायचं आणि आपण तळमजल्याला परत यायचं. “कुठला मजला?” एवढंच बोलायचं, आणि तेही तोंडावर हात धरून, कारण पुढचे दात किडून अर्धे उरले होते आणि उरलेले काळे पडले होते. घरीही हात तोंडावरच असायचा. मास्तरांना लहानपणी वाटे, सगळ्या बापांचा एक हात तिथेच असतो. आई गेली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. तिच्यामागे घरात बोलणं आटलंच. वडील तिचं नाव घेत नव्हते, म्हणून मुलगाही घेत नव्हता. भांडी वाजायची तेवढाच आवाज. दोघेही एकमेकांना जपत होते आणि त्या जपण्याने दोघांचाही जीव गुदमरत होता, पण हे कळायचं वय एकाचं नव्हतं आणि बोलून दाखवायची सवय दुसऱ्याला नव्हती. असे आठ महिने गेले. मग एका दुपारी इमारतीतली लिफ्ट बंद पडली आणि वडिलांना अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. ते शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. दोघं चालू लागले. घरी लवकर जायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं. वाटेत थेटर लागलं, कुठला सिनेमा आहे तेही न बघता वडिलांनी दोन तिकिटं काढली. आत अंधार, खुर्च्यांच्या कापडाचा कुबट वास, आणि पडद्यावर तिरक्या.

त्यात तो एक विधुर झाला होता. एका प्रसंगात तो स्वयंपाक करतो, सवयीने दोन ताटं मांडतो, बसतो आणि मग समोरचं रिकामं ताट त्याच्या लक्षात येतं. थेटर गप्प झालं. छोट्या मास्तरांना वाटलं आता उठून पळावं. पण तिरक्या काय करतो, तर उठून समोरच्या खुर्चीवर जाऊन बसतो आणि बायकोच्या आवाजात स्वतःलाच झापतो, “मीठ कुठाय यात?” मग परत आपल्या खुर्चीवर येऊन, “हात बसला नाही गं अजून.” पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे. भांडण वाढत जातं, फेऱ्या वाढत जातात, शेवटी आपण नवरा की बायको हेच तो विसरतो आणि बायको होऊन नवऱ्याचं ताट उचलून नेतो. लोक खो-खो हसत होते. मुलाने वळून पाहिलं. पडद्याचा उजेड वडिलांच्या तोंडावर पडला होता आणि तोंड उघडं होतं. हात मांडीवर. काळे, तुटके, अर्धे दात, सगळेच्या सगळे दिसत होते. बाप हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसतही नव्हता. त्या रात्री जेवताना वडील आपल्या जागेवरून उठले, आईच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि आईच्या आवाजात म्हणाले, “नखं कापलीस का रे?” मुलगा आधी हसला, मग रडला, मग दोघंही कितीतरी वेळ आईबद्दल बोलत बसले. तिला मिरची सोसत नसे, ती शिवताना सुई ओठांत धरायची, रागावली की आडनावाने हाक मारायची. आई घरात परत आली ती अशी. तो सिनेमा त्या दोघांनी एकूण एकोणीस वेळा पाहिला. मास्तर कवळ्या करायला शिकले आणि त्यांनी पहिली कवळी वडिलांची केली, हे सांगायला नकोच. इमारतीतल्या लोकांना सातव्या मजल्यापर्यंत घसा खाकरून ओरडणारा लिफ्टवाला मग दहा वर्षं सोसावा लागला.

पूड आणि द्रव कालवताना नाकात तो तिखट वास चढला. मास्तरांनी गुलाबी लगदा ठशात ओतला, झाकण आवळलं, डबा कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून वरून हवेचा दाब दिला. वीस मिनिटं. या वीस मिनिटांत करण्यासारखं काही नसतं. समोर खिडकीशी गिऱ्हाइकाची खुर्ची होती, आणि नऊ वर्षांपूर्वी तिरक्या तिथेच बसला होता. डॉक्टरांनी ठसे पाठवताना चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘सरळ, स्वच्छ, तरुण दिसतील असे.’ पेशंटचं नाव नव्हतं. मास्तरांनी सरळ, स्वच्छ, तरुण दात पाठवून दिले. चौथ्या दिवशी जिन्यात पावलं वाजली आणि टोपी घातलेला एक उंच म्हातारा दारात उभा राहिला. त्याने खिशातून रुमाल काढला, टेबलावर उलगडला. बोळक्या तोंडाने म्हणाला, “हे कोणाचे दात आहेत? चांगले आहेत. ज्याचे असतील त्याला देऊन टाका.” मास्तरांनी मान वर केली आणि ओळखलं.

सबंध दुपार दोघं त्या दातामागे होते. मास्तर मेणात दात बसवायचे, तिरक्या तोंडात घालून आरशात बघायचा, बोलून बघायचा. ‘श’ म्हणताना शिट्टी वाजायची. “शहाणा, शिंपी, शंभर,” तो म्हणायचा, शिट्टी वाजायची आणि तो स्वतःच हसत सुटायचा. शेवटी मास्तरांनी आरसा बाजूला ठेवला, डोळे मिटले, आणि पडद्यावर तो दात जसा पाहिला होता तसा तो सुरीच्या टोकाने बाहेर ओढला, केसभर वळवला, शेजाऱ्यावर चढवला. तिरक्याने तो तोंडात घातला. आरसा मागितलाच नाही. नुसती जीभ फिरवली. मग हळूच म्हणाला, “आलो बुवा घरी.” थोड्या वेळाने त्याने विचारलं, “तुम्ही माझे सिनेमे बघत होता वाटतं?” आणि मास्तर, ज्यांच्या आयुष्यात या प्रश्नाचं उत्तर सोडून दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं, ते सुरी पुसत म्हणाले, “एखाददुसरा पाहिला असेल.” का म्हणाले? लाजेने. तोंड उघडलं तर सगळंच बाहेर पडेल या भीतीने. वडील, आई, नखं, सगळं. कामाच्या टेबलावर असं रडू नये म्हणून. “मग हे जमलं कसं?” “फोटोवरून,” मास्तरांनी दुसरं खोटं ठोकलं. तिरक्या त्यांच्याकडे बघून हसला, आधी दात आणि मग तोंड, टोपी घालून जिना उतरला. मास्तर खिडकीतून बघत राहिले. हाक मारावी, दोन-दोन पायऱ्या उतरून गाठावं. रस्ता ओलांडेपर्यंत वेळ होता. त्यांनी हाक मारली नाही.

घर साधंच निघालं. फाटकाबाहेर माणसं जमू लागली होती, पोलीस दोऱ्या बांधत होते. मुलीने त्यांना मागच्या दाराने आत घेतलं. ती पन्नाशीची होती, केस विस्कटलेले, बापासारखीच उंच. खोलीत पलंगाशी नर्स बसली होती आणि सकाळपासून शेकून शेकून तिचे हात लालबुंद झाले होते. “सोडला नाही हो सांधा,” ती अभिमानाने म्हणाली. मास्तरांनी पलंगावर पाहिलं. खरंच, हे कोण? नाक आणि हनुवटी जवळ आलेली, मधे एक सुरकुतलेला खड्डा. बाई रडली नव्हती ती का, ते त्यांना कळलं. रडायला समोर ओळखीचं कुणी तर हवं. त्यांनी हात धुतले, बाही वर केली. नऊ वर्षांत हिरड्या झिजल्या होत्या, साच्यात होत्या तशा आता त्या नव्हत्या, त्यामुळे कवळी आत डुगडुगली. असं होणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मऊ मेण आणलं होतं. ते बोटांनी मळून आतून थापलं, पुन्हा बसवून पाहिलं, काढलं, कोपरा खरवडला, पुन्हा बसवलं. खालची आधी, मग वरची. मग ओठ दोन बोटांनी हलकेच बाहेर आणले, गाल सारखे केले आणि ते बाजूला झाले.

मुलगी जवळ आली. बराच वेळ बघत उभी राहिली. “बाबा,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. नर्सने तिला धरलं. मास्तर खिडकीबाहेर बघत आपली हत्यारं पुसत राहिले, दोनदोनदा.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, “तुम्ही पाहिलेत त्यांचे सिनेमे?”

मास्तरांनी हत्यारांची गुंडाळी खाली ठेवली. “पाहिलेत,” ते म्हणाले. “सगळे. त्यांतला एक एकोणीस वेळा.” आणि मग त्यांना थांबता येईना. लिफ्ट, वडिलांचा हात, आईची खुर्ची, ते सांगत गेले. आवाज कापत होता तो त्यांनी कापू दिला. नऊ वर्षांपूर्वीचं खोटंही सांगितलं. सांगताना ते मुलीकडे बघत नव्हते, पलंगाकडे बघत होते. “माझा बाप मला यांनी परत दिला,” ते म्हणाले. “आणि मी यांना ‘एखाददुसरा’ म्हणालो.”

मुलगी म्हणाली, “तो ताटांचा सिनेमा ना? मी तो पाहिलेला नाही.”

“तुम्ही?”

“आईने घरात लागू दिला नाही कधी. म्हणायची, मी धडधडीत जिवंत असताना याने मला पडद्यावर मारलं.” तिने नाक पुसलं. “असं काय आहे हो त्यात?”

मास्तर सांगू लागले आणि अडले. तो प्रसंग सांगण्यासारखा नव्हताच. त्यांनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं. एक खुर्ची होती आणि नर्सचं स्टूल होतं. आयुष्यभर चार माणसांसमोर धड न बोललेला हा गृहस्थ उठला, स्टूल खुर्चीसमोर ओढलं, औषधांचा ट्रे मधे ठेवला आणि त्यावर नसलेली दोन ताटं मांडली. बसला. समोर पाहिलं. मग उठून पलीकडे गेला आणि बारीक आवाजात म्हणाला, “मीठ कुठाय यात?” परत इकडे. “हात बसला नाही गं अजून.” त्याला अभिनय येत नव्हता. गुडघे वाजत होते, बायकोचा आवाज मधेच फाटत होता, तिसऱ्या फेरीला स्टूलच कलंडलं. पण एकोणीस वेळा पाहिलेलं अंगात होतं, आणि शेवटी ट्रे उचलून ते बायकोच्या तोऱ्यात दाराकडे निघाले तेव्हा मागून नर्स फिसकन हसली, आणि मग मुलगी हसली. पोट धरून, मोठ्याने, खुर्चीच्या पाठीला धरून हसली. दाराबाहेरचे नातेवाईक दचकून आत डोकावले. पलंगावर चेहरा शांत, शेजारी मुलगी हसते आहे आणि एक अनोळखी म्हातारा हातात औषधांचा ट्रे घेऊन उभा आहे.

“गाडीने सोडते तुम्हाला, मागच्या दाराने,” ती नंतर म्हणाली. मास्तर म्हणाले, नको, मी पुढून येतो. ते मागच्या गल्लीतून वळसा घालून रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. रांग दुसऱ्या चौकापर्यंत गेली होती. ऊन होतं. पुढे एक म्हातारी होती, काठी टेकत, एकटी. तिने त्यांना जागा धरायला सांगितली, कठड्यावर जाऊन बसली, रांग हलली की उठून यायची. दीड तासाने दोघं फाटकातून आत गेली. आता पलंग पुढच्या खोलीत आणला होता आणि फुलं होती. लोक येत होते, बघत होते, कोणी टिपं गाळत होतं, कोणी आपल्या पोराला वर उचलून दाखवत होतं. म्हातारी पलंगापाशी थांबली. काठी दुसऱ्या हातात घेतली, वाकून त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, ओळख पटल्यासारखी मान हलवली.

“मी एकटी, तू पडद्यावर येत राहिलास,” ती त्याला म्हणाली. “बरं केलंस बाबा.”

“माझंही तेच म्हणणं,” मास्तर त्याला म्हणाले, आणि पुढे सरकले, कारण मागे लोक होते.